गालाचं माप

सगळे ज्यांना कवळीवाले म्हणतात, त्या गृहस्थांमुळे आजवर निदान तीन-चार हजार माणसं नव्यानं चावायला लागली असतील. दंतवैद्य माप घेतो, फी घेतो आणि मानही घेतो. पण दात घडतात ते यांच्यासारख्या कारागिराच्या टेबलावर, मेण, प्लास्टर आणि बारीक कानशींच्या पसाऱ्यात. या कामाचं त्यांना स्वतःला काडीचं कौतुक नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता छऱ्याच्या बंदुकांत.

छऱ्याची बंदूक म्हणजे काही तोफ नव्हे. नळी मोडली की आतली स्प्रिंग दबते. छर्रा घालून नळी सरळ करायची आणि घोडा ओढायचा. स्प्रिंग सुटते, हवा ढकलते, छर्रा जातो. कुठे जातो, ते बंदूक कुणाच्या हाताखालून गेलीय त्यावर. कवळीवाले जुन्या बंदुका उघडत, सुकलेले चामडी वॉशर बदलत, घोडा हलका करत, आणि लाकडी दस्ते घासून घासून माणसाच्या अंगाला बसवत. स्वतः नेम धरला की मात्र छर्रा भिंतीला. बाल्कनीत बंदुकांपायी कपडे वाळत घालायला जागा उरली नाही, तेव्हा बायको यावरून बरंच काही बोलली. त्यातलं निम्मं खरं होतं.

शूटिंग क्लबात त्यांना कुणी विचारत नसे. दातवाल्यानं दात करावेत, असं सेक्रेटरींनी एकदा चहाच्या कपावरून सांगून टाकलं होतं. म्हणून ताईनं तिची बंदूक त्यांच्या पुढ्यात ठेवली, तेव्हा साठीला टेकलेला हा माणूस बक्षीस मिळालेल्या पोरासारखा लाजला.

ताई म्हणजे थोरली बहीण. त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठी, आयुष्यभर भूमिती शिकवलेली, चुकीला क्षमा नसलेली. ती आणि भावजी दर रविवारी एकाच बंदुकीनं आळीपाळीनं नेमबाजी करत. भावजी गेले आणि बंदूक जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर गेली, ती नऊ वर्षं तिथंच. आता क्लबानं साठीपुढच्यांची स्पर्धा जाहीर केली होती. ताईला उतरायचं होतं, आणि उतरायचं तर त्याच बंदुकीनं. पण दस्ता भावजींच्या लांब हाताचा आणि रुंद जबड्याचा. तो तिच्या मापाचा करायचा होता.

"एकच आहे," ती म्हणाली. "बिघडवलीस, तर असा नवरा आणि अशी बंदूक, दोन्ही या वयात मला परत मिळायची नाहीत."

कवळीवाले तीन आठवडे खपले. दस्ता मागून दोन बोटं कापला. गाल टेकतो तिथं लाकडाची पट्टी चिकटवली, तिच्यावर कोमट मेण थापलं आणि ताईला गाल टेकवायला लावला. मेणातल्या ठशाबरहुकूम लाकूड कोरलं. दात बसवणाऱ्याचा हात तो; केसाचाही फरक राहिला नाही. त्या दिवशी ताई एक शब्द बोलली नाही, तोंडाला रुमाल लावून बसून होती. भावजींच्या आठवणीनं दाटून आलं असेल, असं समजून कवळीवाल्यांचेही डोळे पाणावले. पुढं तेलाचे हात चढवायचे होते, आणि ते पुरते सुकेपर्यंत त्यांनी तिला बंदुकीला बोट लावू दिलं नाही. थेट स्पर्धेच्या सकाळी, नवरी आणावी तशी ती क्लबात आणली.

सरावाला पाच छर्रे मिळतात. ताईचा पहिला निशाणाच्या कागदाच्या कडेला लागला. दुसरा शेजाऱ्याच्या कागदावर. शेजारी निवृत्त बँक मॅनेजर. त्यानं आभार मानले.

"माशी खाचेत येतच नाहीये," ताई दबक्या आवाजात म्हणाली. माशी म्हणजे नळीच्या टोकाचा तो बारीक उंचवटा. मागच्या खाचेत तो नेमका दिसला तरच नेम. "गाल दाबला की दिसते, आणि दाबला की नळी हलते. काय करून ठेवलंस?"

कवळीवाल्यांनी स्क्रू पाहिले, नळी पाहिली, सगळं ठाकठीक. मग त्यांनी ताईच्या तोंडाकडे पाहिलं. छान भरलेला गाल, त्यांच्याच हातच्या कवळीनं भरलेला.

"ताई, मेणाचं माप घेतलं तेव्हा तुझी कवळी कुठं होती?"

"तुझ्याकडेच. तडा गेला होता ना, तूच तर..." आणि ती थांबली.

कवळी त्या दिवशी खरोखरच त्यांच्या टेबलावर सुकत पडली होती. दस्ता ताईला अगदी बेतल्यासारखा बसला होता. फक्त बोळक्या ताईला. जगात हजार बंदूकवाले असतील, पण ही चूक करायला आधी दात करता यावे लागतात.

त्यांनी खिशातून कानस काढली. स्पर्धा दहा मिनिटांवर आलेली; आता त्या लाकडाला हात लावलास तर बघ, असं ताईनं नुसत्या नजरेनं सांगितलं. आणि दुसरा उपाय काय, हे दोघांनाही कळत होतं. पंधरा वर्षं एका घरात राहून तिच्या सुनेनंही जे पाहिलं नव्हतं, ते आता चाळीस माणसांपुढं करायचं, आणि त्यातले पाच-सहा तिचे विद्यार्थी.

ताईनं हॉलकडं पाठ केली. क्षणभरानं कवळीवाल्यांच्या उजव्या तळहातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी ओलसर आलं. ती वळली तेव्हा तिचं तोंड आत गेलेलं होतं आणि हनुवटी वर आली होती. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. तिनं गाल टेकवला.

वीस छर्रे. ती हलली नाही की मागच्या बाकांकडं वळली नाही. कवळीवाले मूठ घट्ट धरून उभे होते आणि प्रत्येक छऱ्याला स्वतःच डोळे मिटत होते. निकाल लागला: मॅनेजर पहिले, ताई तीन गुणांनी दुसरी.

सेक्रेटरी स्वतः बंदूक पाहायला आले. दस्त्यावरून हात फिरवला, घोडा ओढून पाहिला, आणि हे काम कुणाचं म्हणून विचारलं. ताईनं ओठ मिटूनच भावाकडे बोट केलं. सेक्रेटरींनी हात पुढं केला. कवळीवाल्यांचा उजवा हात अडकलेला. त्यांनी डावा दिला. कपाटात क्लबाच्या सहा बंदुका निकामी पडल्यात, त्या बघाल का, असं सेक्रेटरी जरा अडखळतच म्हणाले. वीस वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते आलं, आणि हे गृहस्थ मुठीतला रुमालच सावरत राहिले.

ताईनं त्यांच्या मुठीतून रुमाल काढून घेतला, भिंतीकडं तोंड केलं आणि पूर्ण माणूस होऊन परत वळली.

"बघेल तो," ती सेक्रेटरींना म्हणाली. "माझ्या बंदुकीनंतर." मग भावाकडे वळली. "उद्या सकाळी येते मी. तोंडात सगळे दात घालून. आणि तू माप घेशील तेव्हा मी बोलत राहणार आहे."

कवळीवाल्यांनी मान डोलावली. त्या दिवशीच बोलली असतीस तर आज पहिली आली असतीस, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ताईपुढं ओठ मिटून घेणं त्यांना लहानपणापासून जमत आलेलं आहे.