घर बघायला आलेल्या बाईंनी मला विचारलं

मंडळी, आज सकाळी सुरतहून पुन्हा पाहुणे आमचं घर बघायला आले होते.

चलथाणच्या पुढे, शेतात आमचं घर आहे. भिंती मातीच्या, त्यात जुन्या बाटल्या बसवलेल्या, दारं भंगारातली, वीज फक्त सोलरची. सगळं आमच्या ह्यांनी स्वतः बांधलंय. भर उन्हाळ्यात आत गारवा असतो, हेही खरं.

फोटो काढून झाल्यावर एका बाईंनी मला विचारलं, "बेन, तुम्हाला इथे गमतं का, करमतं का?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "हिला आता शहराचं नावसुद्धा नको."

इथे यायच्या आधी सुरतेत, उधन्यात माझं शिवणकाम होतं. दिवसभर बायका ब्लाउज शिवून घ्यायला यायच्या, गप्पा व्हायच्या. इथे वर्षभरात एकही गिऱ्हाईक आलं नाही. ह्यांच्या मोटरसायकलीशिवाय मला कुठे जाताही येत नाही.

मी म्हणाले, "नाही गमत. मला उधन्याला जायचंय."

पाहुणे गेल्यावर हे म्हणाले, "लोकांसमोर बोलायची काय गरज होती?"

"आपण दोघंच असताना तुम्ही कधी विचारलंत?"

ते शेतात निघून गेले. अजून आलेले नाहीत.

सगळे ज्याचं कौतुक करतात, त्याच घरात कोंडल्यासारखं तुम्हाला कधी झालंय का? मग तुम्ही काय केलंत?