आवसेच्या दिवशी मोजलेल्या गाड्या

रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मौलाली हातात एक दोरी घेऊन रस्त्याच्या कडेनं चालत जायचा. दोरीच्या टोकाला मोडक्या स्पीकरमधला लोहचुंबक बांधलेला. तो मातीतून ओढत न्यायचा आणि परत येईपर्यंत चुंबकाला खिळे, स्क्रू, पत्र्याचे बारके तुकडे लगडलेले असायचे. वरवे बुद्रुकच्या फाट्यावर पंक्चरचं दुकान चालवणारा माणूस रस्त्यावरचे खिळे वेचतो, याचं त्याच्या बायकोला, खुर्शिदाला, आधी हसू यायचं. मग राग यायला लागला. मग सवय झाली.

“अवो, चार खिळे तरी ऱ्हाऊ द्या,” ती म्हणायची.

“यायची ती गाडी आपसूक येती,” तो म्हणायचा.

तीस वर्षं गाड्या आपसूक आल्या. नव्व्याण्णव साली कळलं, की महामार्ग रुंद होणार आणि फाट्यावर पूल येणार. गाड्या वरून जातील, खाली कुणी थांबणार नाही. पण त्याच सुमारास दुसरी एक बातमी आली. ट्रकमधला माल उतरवून रेल्वेनं पुढं धाडायचा, रेल्वेनं आलेला ट्रकमध्ये चढवायचा, असं एक मोठं केंद्र होणार होतं. जागा दोन होत्या : एक वरव्याचा माळ, दुसरी घाटापलीकडं, रेल्वेजवळ. माळावर आणायचं तर रूळ नवे टाकावे लागणार. तेवढा माल या रस्त्यानं जातो का, हे आधी बघायचं होतं. केंद्र इथं झालं तर गाड्या थांबणार आणि दुकान राहणार. खुर्शिदाला एवढंच समजलं होतं आणि एवढंच पुरेसं होतं.

गाड्या मोजायला पाहणीवाल्या साहेबांनी मौलालीलाच निवडलं. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत एका गाडीला एक रेघ. दिवस ठरला येत्या बुधवारचा.

“बुधवारी आवस हाय, साहेब,” मौलाली म्हणाला. “सातारा-कोल्हापूरकडचे मालक आवसेला गाडी बाहेर काढत न्हाईत. कितीतरी मार्केटं बी बंद असत्यात.”

साहेब हसले. “मौलालीभाई, तुम्ही कधीपासून अमावस्या पाळायला लागलात?”

“म्या न्हाई पाळत. गाड्या पाळत्यात.”

“सुट्टी नाही, सण नाही. आमच्या हिशेबी हा नेहमीचाच दिवस.”

बुधवारी मौलाली टायरवर टायर रचून त्यावर बसला. रस्ता आजारी माणसासारखा पडून होता. एरवी ओलांडताना जीव मुठीत धरावा लागायचा, तिथून खुर्शिदा भाकरी घेऊन सावकाश चालत आली. समोरच्या वड्याच्या हॉटेलाचा मालक अमृत कागदावर वाकून बघत होता.

“आरं मौला, कागद तुझ्या हातात, पेन तुझ्या हातात. मार शंभर रेघा जास्ती. अख्खा फाटा दुवा दील तुला.”

“गाडीच आली न्हाई तर रेघ कशाची मारू?”

“आवस नसती तर आल्याच असत्या की,” खुर्शिदा हळूच म्हणाली.

मौलालीनं तिच्याकडं पाहिलं. “आल्या असत्या. पण आल्या न्हाईत.”

त्याच्या हातातलं पेन आपण काढून घ्यायला हवं होतं, असं तिला पुढं कितीदा तरी वाटलं. तिला लिहिता येत नव्हतं. पण रेघ मारता आली असती.

तीन-चार महिन्यांनी अमृतनं पेपर वाचून दाखवला. वरव्याची जागा रद्द झाली होती. वाहतूक पुरेशी नाही, असं कारण होतं.

तेव्हा मात्र मौलाली उठला. अमृतच्या हॉटेलातलं भिंतीवरचं कॅलेंडर त्यानं मागून घेतलं आणि खुर्शिदाला बरोबर घेऊन एसटीनं पुण्याला गेला. कचेरीत त्याला बोलायला सुचत नसे, म्हणून ती. पाहणीच्या ऑफिसात शेफाली नावाच्या तरुण बाईंनी दोघांना बसायला खुर्च्या दिल्या. मौलालीनं टेबलावर कॅलेंडर उलगडलं. तेलाचे डाग पडलेल्या पानावर त्यानं बोट ठेवलं. आवसेचा काळा गोल स्पष्ट होता.

“बाई, त्या दिवशी रस्ता झोपल्याला हुता,” खुर्शिदा म्हणाली. “पुन्यांदा मोजा. आमी फुकट मोजून देतो.”

शेफालीबाईंनी कपाटातून फाईल काढली. मौलालीचेच कागद होते ते. “काका, सगळ्या ठिकाणच्या मोजणीत तुमची सगळ्यात चांगली आहे. एकसुद्धा खाडाखोड नाही. म्हणून तर हाच आकडा धरला.”

“आकडा खरा हाय,” मौलाली म्हणाला. “दिवस खोटा हाय.”

बाईंनी कॅलेंडरवरची तारीख फाईलमधल्या तारखेशी ताडून पाहिली. त्यांना पटलं होतं, हे खुर्शिदाला दिसत होतं. पण अहवाल पुढं गेला होता, आणि त्यात तिथी लिहायला रकानाच नव्हता. त्यांनी एक अर्ज लिहून दिला. मौलालीनं सही केली, शिक्का बसला. त्या अर्जाचं पुढं काही झालं नाही.

“आवस शिकवायला गेलता साहेबाला,” अमृत गिऱ्हाइकांना सांगायचा, मौलालीला ऐकू जाईल असं. पूल उभा राहिला तसं त्याचं हॉटेलही बसलं, मग तोही बोलेनासा झाला. घाटापलीकडंसुद्धा केंद्र झालं नाही. नुसत्या खुणेच्या दगडांवर गवत आलं. आता दोष कुणाला द्यायचा, तेही कुणाला कळेना.

दुकानात मोटरसायकली येत, कधी एखादा टेम्पो. शेवटच्या वर्षी मौलालीच्या छातीत कफ भरला आणि तो दुकानामागच्या खोलीत खाटेवर पडून असायचा. त्या दुपारी खुर्शिदा त्याला पेज भरवत होती. पुलावरून एक ट्रक गेला. मौलालीनं हातानंच चमचा थांबवला आणि आवाज पुरता लांब जाईपर्यंत कान दिला.

“फुडच्या चाकात हवा कमी हाय,” तो म्हणाला. “सांगा कुनीतरी त्याला.”