निसटलेला ठोका

इतिहासात बीए झालेली, सनावळ्या तोंडपाठ असणारी माझी भाची वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी आता अकरावीच्या जीवशास्त्रापासून सुरुवात करतेय. काल रक्ताभिसरणाचा धडा वाचताना तिने माझं मनगट धरलं, ठोके मोजू लागली आणि अडखळली.

"मध्येच एखादा ठोका निसटतोय, मामा. थांब, परत मोजते."

पुन्हा तेच झालं. "सायन्सवाल्यांना हे सहज जमत असेल," म्हणत ती खट्टू होऊन पुस्तकाकडे वळली.

नव्याने शिकणाऱ्याला वाटतं, चुकत असेल तर आपलंच. समोरचं शरीर कसं चुकेल? मीही म्हणालो, "जमेल गं सवयीने."

मग तिचं लक्ष नाही असं बघून मीच माझ्या मनगटावर बोटं ठेवली. एक ठोका आला. दुसरा आला. तिसऱ्याची मी वाट बघत राहिलो.