लायब्ररीत काढलेला फोटो

दोह्यातल्या ज्या विद्यापीठात मी शिकले, ते एका अमेरिकन विद्यापीठाची शाखा होतं. तिकडे मूळ कॅम्पसवर मुलींच्या सॉरॉरिटी असतात, एका घरात राहणाऱ्या आणि एकमेकींना बहिणी म्हणवणाऱ्या. इथे तसलं काही चालण्यासारखं नव्हतं. म्हणून कागदोपत्री आम्ही साधा विद्यार्थिनींचा क्लब होतो, पण आतून सगळं त्यांच्यासारखंच. नव्या मुलीला एक मोठी बहीण नेमून द्यायची, सगळ्यांचे जांभळे टी-शर्ट, दर मंगळवारी सभा, वर्षभर काहीतरी सेवाकार्य, आणि शेवटी सगळ्या क्लबांचा मिळून समारंभ. मी दुसऱ्या वर्षाला असताना सेवाकार्याची प्रमुख झाले. त्या पदाचा मला फार अभिमान होता. घरी आईला तर मी ते दोनदा समजावून सांगितलं होतं.

फुटबॉलच्या वर्ल्ड कपला अजून तीनेक वर्षं होती, पण शहर आधीपासूनच त्याच्या नादाला लागलं होतं. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या घरापासून कॅम्पसपर्यंत बाबा मला सोडायचे, तेव्हा कालचा रस्ता आज खोदलेला असायचा. कॅम्पसवर प्रत्येक क्लबला स्टेडियमशी आपलं काहीतरी नातं जोडायचं होतं. कुणी स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाला जात होतं, कुणी कामगारांना टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या वाटत होतं. आमची अध्यक्ष लेबनॉनची होती, शेवटच्या वर्षाला. ती म्हणाली, बाहेर कशाला जायचं, आपल्याच इमारतीत झाडूपोछा करणाऱ्या बायका आहेत, त्यांना इंग्रजी शिकवू. मला ते पटलं. रविवारी आणि बुधवारी, त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत, तळमजल्यावरच्या एका रिकाम्या खोलीत वर्ग सुरू झाला.

आठ जणी यायच्या. चार नेपाळच्या, एक श्रीलंकेची, दोन केनियाच्या आणि एक भारतातली, चाळिशीच्या पुढची. पहिल्या दिवशी तिच्या पेन्सिलीचं टोक मोडलं आणि ती स्वतःशीच पुटपुटली, "आता काय करावं माय."

मी चमकले. कॅम्पसवर मी कुणाशीच मराठी बोलत नसे. घरीही आईबाबांशी बोलायचे तेवढंच, धाकटा भाऊ तर इंग्रजीतच उत्तर द्यायचा.

"मावशी, मराठी का तुम्ही?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "नांदेडकडची हाय. तेलंगणाच्या शिवेवर आमचं गाव." मग हसून म्हणाली, "लई दिवसांनी कुणी मावशी म्हणालं बघा."

त्यानंतर वर्ग संपला की ती पाच मिनिटं मागे थांबायची. गावात ती अंगणवाडीत मदतनीस होती. नवरा वारल्यावर इकडे आली. मुलगी नांदेडला नर्सिंगच्या कॉलेजात होती. मावशींना अक्षरं चांगली येत होती आणि पाठ केलेलं त्या विसरत नसत. बाकीच्या जणी 'फ्लोअर', 'बकेट', 'सुपरवायझर' शिकायच्या. मावशींनी मला विचारलेले शब्द वेगळेच होते, कपाटाला काय म्हणायचं, पुस्तक परत केलं हे कसं सांगायचं.

का, ते मला महिन्याभराने कळलं. दुपारी मी लायब्ररीच्या दुसऱ्या मजल्यावर पुस्तक शोधत होते. दोन रॅकांच्या मध्ये मावशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. गणवेशाच्या कॉलरवरून ओढणी घट्ट गुंडाळलेली, व्हिडिओ कॉल लावलेला फोन समोर धरलेला. "ठेवते आता, साहेब आलेत, पुस्तकं लावायची राहिलीत," असं त्या म्हणत होत्या. वळल्या आणि मी दिसले.

खाली जिन्यात बसून त्यांनी सांगितलं. मुलीला त्यांनी लायब्ररीत नोकरी आहे म्हणून सांगितलं होतं. "तिच्या हॉस्टेलच्या पोरी इचारतात, तुझी आई काय करते दोह्यात. तिला सांगायला काहीतरी नको का?" मग माझा हात धरून म्हणाल्या, "तू कुणाला सांगू नको हं, माय."

"छे, मावशी. कुणाला सांगणार मी?"

एवढं बोलून थांबले असते तर बरं होतं. पण मला त्यांच्यासाठी आणखी काहीतरी करावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत गर्दी नसताना मी त्यांना काउंटरमागच्या खुर्चीत बसवलं, माझं राखाडी जॅकेट घालायला दिलं, समोर दोन पुस्तकं उघडून ठेवली आणि फोटो काढला. मावशी तो फोटो कितीतरी वेळ बघत राहिल्या. "ही मीच का?" एवढंच म्हणाल्या. तो फोटो मी त्यांच्या फोनवर पाठवला, त्यांनी मुलीला. माझ्या फोनमध्ये तो राहिलाच.

समारंभ आला. प्रत्येक क्लबला सात मिनिटं मिळणार होती. आमच्या आधीच्या क्लबने स्टेडियमच्या कामगारांवर फिल्म बनवली होती, असं ऐकून आमची अध्यक्ष धास्तावली. माझं भाषण वाचून तिने बाजूला ठेवलं. "वर्ग किती झाले, हजेरी किती, हे कोण ऐकणार? एका बाईची गोष्ट सांग. यल्ला, चल, तुझ्याकडे असणारच."

मी विचार केला नाही असं म्हणता येणार नाही. केला. नाव घ्यायचं नाही, म्हणजे झालं, अशी मी मनाची समजूत घातली. क्लबमधल्या एका पहिल्या वर्षाच्या मुलीने विचारलंही, की फोटोतला चेहरा पुसट करायचा का. मी म्हटलं, मग परिणामच जातो.

भाषण छान झालं. मागच्या पडद्यावर मावशी राखाडी जॅकेट घालून बसल्या होत्या आणि मी सांगत होते, की ही बाई आपल्या मुलीला सांगते की ती लायब्ररीत काम करते, आणि तिचं हे स्वप्न खरं करायला आम्ही बहिणी निघालो आहोत. पुढच्या रांगेतल्या एका प्राध्यापक बाईंनी डोळे पुसले. आम्हाला पहिलं पारितोषिक मिळालं. मुलींनी मला मिठ्या मारल्या. मावशी त्या संध्याकाळी कुठल्या इमारतीत कामावर होत्या, याची मी चौकशीही केली नाही.

क्लबने भाषणाचा व्हिडिओ आपल्या पेजवर टाकला. आईने तो दोह्यातल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर पाठवला, खाली लिहिलं, 'आमच्या लेकीचं भाषण.' मग नाशिकला मावसबहिणींना, त्यांनी पुढे त्यांच्या ओळखीच्यांना. कुणीतरी त्यावर मराठीत ओळी लिहून घातल्या, म्हणजे इंग्रजी न येणाऱ्यांनाही कळावं. मला दिवसभर अभिनंदनाचे निरोप येत होते.

बुधवारी मावशी वर्गाला आल्या नाहीत. रविवारीही नाही. सोमवारी त्या मला व्हरांड्यातली काच पुसताना दिसल्या.

"मावशी, वर्गाला का आला नाहीत?"

"जी मॅडम, ड्यूटी बदल गई है," त्या हिंदीत म्हणाल्या. काचेवरची नजर हलली नाही.

"मावशी, काय झालं?"

हात थांबला. मग त्या मराठीत बोलल्या, अगदी हळू. "पोरीच्या हॉस्टेलात समद्यांनी बघितलं. आठ दिस झाले, फोन उचलंना." मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तशा म्हणाल्या, "तुमी खोटं काय बोलला नाहीत. पण ते तुमचं नव्हतं सांगायचं." आणि पुन्हा हिंदीत, "थोडा हटिए मॅडम, फर्श गीला है."

त्याच तासाला तो व्हिडिओ काढायला हवा होता. मी अध्यक्षेकडे गेले. तिने सगळं ऐकून घेतलं, तिलाही वाईट वाटलं. पण एका स्टेडियममधल्या कार्यक्रमासाठी कॅम्पसमधून एकच क्लब निवडणार होते आणि निवड गुरुवारी होती. "इन्शाल्ला गुरुवारनंतर काढू," ती म्हणाली. मी हो म्हणाले. चार दिवस तो व्हिडिओ तसाच राहिला. त्या चार दिवसांत तो किती जणांनी पाहिला हे मी रोज उघडून बघत होते, हेही सांगायला हवं. शुक्रवारी सकाळी काढला, तोवर तो शंभर फोनांत जाऊन बसला होता. निवड दुसऱ्याच क्लबची झाली.

आईच्या लक्षात आलं की माझं काहीतरी बिनसलं आहे. मी थोडंसं सांगितलं. पोळ्या लाटता लाटता ती थांबली. "तिला विचारलं होतंस ना, सांगण्याआधी?"

"हो," मी म्हणाले.

तीनेक आठवड्यांनी क्लबच्या पेजवर माझ्या नावाने एक निरोप आला. मावशींच्या मुलीचा होता.

'ताई, आई साफसफाई करते हे मला ती गेली तेव्हापासून माहीत होतं. मामा तिचे कागद भरत होता, मी शेजारीच बसले होते. ती पुस्तकं दाखवायची, मी बघायचे. तिला बरं वाटायचं. मी फोन उचलला नाही, कारण काय बोलावं कळेना. माहीत होतं म्हणावं, तर तिला वाटणार मी इतके दिवस तिची गंमत बघितली. माहीत नव्हतं म्हणावं, तर तिला वाटणार मला तिची लाज वाटते. आता ती फोन करते, पण कॅमेरा बंद ठेवते.'

मी बऱ्याच वेळा उत्तर लिहिलं आणि खोडलं. लांबलचक काही लिहिलं की त्यात माझीच बाजू यायची. शेवटी लिहिलं, 'माझं चुकलं. मी त्यांना विचारायला हवं होतं.' तिने ते वाचल्याची खूण आली, उत्तर आलं नाही.

वर्ग मी घेत राहिले, बाकीच्या सात जणी येत होत्या म्हणून. पण त्यांना मी धड्यापलीकडचं काही विचारलं नाही. वर्षाच्या शेवटी कळलं की मावशींची कंपनी त्यांना मेट्रोच्या नव्या स्टेशनवर पाठवणार आहे. दुपारची पाळी सुटताना मी मागच्या गेटला गेले. बायका बसच्या रांगेत उभ्या होत्या. मावशींनी मला लांबूनच पाहिलं, पण रांग सोडली नाही.

मी जवळ जाऊन म्हटलं, "मावशी, मला माफ करा."

त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग विचारलं, "परीक्षा झाली का तुमची?"

"झाली."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. बसचं दार उघडलं, रांग सरकली, आणि त्या आत जाऊन पलीकडच्या बाजूला खिडकीशी बसल्या.

त्यानंतर त्या मला भेटल्या नाहीत. पदवीनंतर मी दोह्यातच नोकरी शोधली. वर्ल्ड कप तोंडावर आला होता आणि सगळ्या ऑफिसांना माणसं हवी होती. अर्जात मी ते पारितोषिक लिहिलं. एका मुलाखतीत समोरच्या बाईंनी त्यावर बोट ठेवून म्हटलं, याबद्दल सांगा. मी सांगितलं, आठ बायका होत्या, वर्षभर वर्ग चालला, त्यांना कामापुरतं इंग्रजी येऊ लागलं. मावशींबद्दल बोलले नाही. त्यांचं गुपित राखलं असं मी परतताना स्वतःला सांगू पाहिलं, पण ते खरं नव्हतं. त्या दिवशी गप्प बसणं मला सोयीचं होतं, आणि नोकरी मला मिळाली.