काच वेचणारी चांदबी

चांदबीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आमच्या नव्या कॉलनीच्या बागेत ओणवी होऊन काहीतरी वेचत होती. मला वाटलं, रानभाजी असेल. जवळ जाऊन बघते तर हातातल्या डालड्याच्या डब्यात नुसत्या काचा.

घोरावाडी स्टेशनाजवळ पूर्वी कंदिलाच्या काचेच्या चिमण्यांचा कारखाना होता. तो बंद पडला, भट्ट्या पाडल्या आणि त्या जागेवर घरं, चार दुकानं, बालवाडी आणि मधोमध बाग असा सगळा थाट झाला. झाडं मात्र अजून काठीएवढीच होती आणि निम्म्या घरांना कुलपं. आमचे हे सकाळच्या गाडीने देहूरोडच्या डेपोत जात, ते अंधार पडल्यावर उगवत. दिवसभर घरात मी आणि चार भिंती. नवी नवरी म्हणून मिरवायचं तरी कुणापुढे?

चांदबी त्याच कारखान्यात फुटका माल निवडायची. मागच्या बाजूला टाकलेल्या त्या काचा आता बागेच्या मातीतून वर येत होत्या. "आमीच फेकल्यात, आमीच उचलाया पायजेत," ती म्हणायची. "पोरांच्या पायाला लागंल." तिला नवरा नव्हता, मूल नव्हतं. भट्टीवरची तिची माणसं पोटामागे कुठे कुठे पांगली होती. बागेतल्या बाकावर आम्ही रोज घटकाभर बोलत बसायचो. तिला चहाला घरी बोलवावंसं फार वाटे. पण ती मुसलमान. गावी सासूबाईंना कळलं तर, शेजारीण काय म्हणेल, असं करत ते ओठांवरच राही.

मग कॉलनीच्या कमिटीने लाल मातीचे ट्रक आणून बागेत ओतले आणि वर हिरवळ लावली. पोरं अनवाणी धावू लागली. चांदबी रिकामा डबा घेऊन बागभर फिरली आणि बाकाशी येऊन म्हणाली, "बेस झालं. आता माजं हितं काय काम न्हाई. उद्या यकदा बगते आन् बास." बोलताना ती हसत होती, पण मला तिच्याकडे बघवेना.

सकाळी मी हातातली एक हिरवी बांगडी वाढवली. पोरं बाहेर पडायच्या आधी चांदबी येते हे ठाऊक होतं, म्हणून तुकडे बाकाखाली, तिच्या नजरेस पडतील असे ठेवले आणि खिडकीत उभी राहिले.

तिने तुकडे वेचले, एक बोटांत फिरवून बघितला आणि थेट माझ्या दारात आली.

"ह्यो आमच्या भट्टीचा माल न्हाई," ती म्हणाली. मग माझ्या मनगटाकडे बघून कडाडली, "सवाशिणीनं बांगडी फोडावी व्हय गं? बोलवायचं तर तोंडानं बोलव की!"

मी दारातून बाजूला झाले. "या मावशी, आत या."

"चा टाक. साखर लय घाल."

त्यानंतर ती थकेपर्यंत रोज येत राहिली. सासूबाईंनी अबोला धरला, तो मी सोसला. चांदबी गेली त्या दिवशी तिच्या खोलीवर आमच्या कॉलनीतून मी एकटीच गेले. परतले तेव्हा बागेत पोरं अनवाणी खेळत होती.