दावेकाकूंना सापडलेले पूर्वज

कुणाची नवी ओळख झाली की दावेकाकू आधी आडनाव विचारत, मग मूळ गाव, आणि मग गालातल्या गालात हसत. त्या हसल्या की समोरच्याने ओळखावं, आपल्या पणजोबांचं काहीतरी यांच्या हाती लागलंय.

पनवेलच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्यावर काकू मोडी लिपी शिकल्या आणि परवानगी काढून कोर्टातल्या जुन्या दाव्यांचे कागद वाचू लागल्या. कुणाची गाय कुणाच्या भातात शिरली, कुणी कुणाचा बांध कोरला, सगळं त्यांना पाठ. "लग्नाच्या फोटोत सगळेच सज्जन दिसतात," त्या म्हणत. "माणूस कसा होता ते त्याच्या भांडणात कळतं."

माझे बाबा त्यांना टाळत. "आमचं घराणं कधी कोर्टाची पायरी चढलं नाही," हे बाबांचं आवडतं वाक्य. माझ्या धाकट्या बहिणीच्या साखरपुड्यात त्यांनी ते कळंबोलीच्या व्याह्यांनाही ऐकवलं. शेजारीच काकू पेढा खात होत्या.

"चढलं होतं की," त्या म्हणाल्या. "तुमचे आजोबा आणि यांचे आजोबा शेजारी होते. हद्दीवरच्या फणसावरून कोर्टात गेले. तुमच्या आजोबांनी जबानीत यांच्या आजोबांना फणसचोर म्हटलंय."

व्याह्यांनी हातातली बशी खाली ठेवली. बहिणीने माझा हात घट्ट धरला. तेवढ्यात नवऱ्या मुलाच्या आजीने विचारलं, "निकाल काय लागला?"

"तडजोड झाली. दर वर्षी निम्मे फणस यांनी तुम्हाला द्यायचे."

आजी बाबांकडे वळल्या. "मी लग्न होऊन आले तेव्हापासून एकही आला नाही."

आधी व्याही हसले, मग सगळेच. बाबांनी मात्र काकूंशी अबोला धरला. तो आठवडाभर टिकला, मग बाबा स्वतःच त्यांच्याकडे गेले आणि हळूच म्हणाले, "आमचं आणखी काही आहे का हो?"

एकदा मी काकूंना विचारलं, "तुमचं कुणी सापडलं का?" त्यांनी आजीचं सांगितलं. त्यांच्या आजीला आजोबांनी घराबाहेर काढलं होतं. घराण्याच्या वंशावळीत तिचं नावही नव्हतं. ती काकूंना पोटगीच्या दाव्यात सापडली. "अंगठा आहे तिचा," त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "जिंकली ती."

काकू गेल्या तेव्हा आम्ही त्यांच्या घरी भेटायला गेलो. दिवाणखान्यात त्यांनी नव्याने लिहून घेतलेली वंशावळ टांगलेली होती. सगळ्यांत वर ठळक अक्षरांत आजीचं नाव, पुढे लिहिलेलं 'वादी'. त्याखाली, चष्मा लावल्याशिवाय दिसणार नाही इतक्या बारीक अक्षरांत आजोबा. 'प्रतिवादी'.