शेकाट्याखालचं नाव

ज्यांनी म्हणून कधी सोलापुरी चादर पांघरली आहे, त्यांनी आमच्या शेजारच्या मास्तरांना अंगावर घेतलेलं आहे, आणि त्यांतल्या एकालाही त्याचा पत्ता नाही. चादरीवरचा मोर, काठाची कमळं, मधोमध तोंडाला तोंड लावून उभे असलेले ते दोन हत्ती, हे सगळं कुणीतरी आधी कागदावर काढलेलं असतं असं लोकांच्या मनातच येत नाही. मास्तर शाळेचे नव्हेत, नक्षीचे; चाळीस वर्षं एका कारखान्यात बसून त्यांनी तेच केलं. चौकड्यांचा कागद पुढे घ्यायचा आणि एकेक घर रंगवत जायचं. एक घर म्हणजे एक धागा. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट त्यांना सलग दिसत नाही, घराघरांनी दिसते. आमच्या जिन्यावर गवंड्याने एक फरशी उलटी बसवली होती. तो जिना आम्ही कित्येक वर्षं बिनघोर चढलो-उतरलो. मास्तर शेजारी राहायला आले, त्या दिवशी हातात गॅसची शेगडी धरून ते मधेच थांबले आणि म्हणाले, "चवथ्या पायरीला चूक हाय बघा." तेव्हापासून मला ती पायरी नीट चढता येत नाही.

मी शहराबाहेरच्या एका पर्यावरण संशोधन केंद्रात कारकून आहे. तिथले शास्त्रज्ञ गवत मोजतात, पक्षी मोजतात आणि मी शास्त्रज्ञांच्या रजा मोजतो. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा पांगली की केंद्रात हिवाळ्यातल्या निसर्गाच्या छायाचित्रांचं प्रदर्शन भरतं. थंडीभर कुणीही सकाळी यावं, आमच्या माळावर, तळ्याकाठी हिंडावं, फोटो काढावेत. बरे निघाले तर ते भिंतीवर लागतात. माझं अक्षर बरं, म्हणून फोटोंखालच्या पाट्या लिहिण्याचं काम माझ्याकडे. मास्तर निवृत्त झाले आणि घरी बसून बायकोच्या रांगोळीतले चुकलेले ठिपके दाखवू लागले. बायको म्हणजे अक्का. साऱ्या गल्लीची ती अक्काच. ती एका सकाळी आमच्या दारात येऊन उभी राहिली. "यांना तुमच्या हापिसात न्या की," ती म्हणाली. "कुटं तर गुतवा." सुरतेला असलेल्या त्यांच्या मुलाने कॅमेरा पाठवला, आणि मी मास्तरांना स्कूटरवर मागे बसवून नेऊ लागलो.

पहिल्या हिवाळ्यातले त्यांचे फोटो आमच्या मोठ्या सरांनी संगणकावर लावले आणि आधी कॅमेरा बिघडला आहे असंच ठरवलं. माळावर घिरट्या घालणारा भोवत्या, तोही अर्धाच. अर्धा चंडोल. एक शिंग, एक डोळा आणि दोन पायांचं काळवीट. सरांनी चष्मा पुसला, पण काळवीट तेवढंच राहिलं. मास्तरांनी त्यांची अडचण ओळखली आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, "अर्धंच काढायचं असतंय सर. उरलेलं अर्धं मशिन उलटं करून काढतंय." आणि चादरीत खरोखरच तसं असतं. डावा हत्ती तेवढा कागदावर काढायचा, उजवा मागावर आपोआप उतरतो. ज्या माणसाने सगळं आयुष्य एका बाजूचेच मोर काढले, त्याला भोवत्याच्या दोन्ही पंखांसाठी वेगळे कष्ट घेणं म्हणजे उधळपट्टी वाटायची. माळावरचा प्राणी मधोमध दुमडता येत नाही, हे सरांनी परोपरीने समजावलं. मास्तरांनी ऐकून घेतलं, पण निसर्गाच्या कामाच्या पद्धतीबद्दल त्यांचं मत त्या दिवशी थोडं उतरलं.

बाकीचे हौशी लोक पक्ष्यांच्या मागे पळत. मास्तर कुणाच्या मागे जात नसत. गवतात एक बादली पालथी घालायची आणि कारखान्यातल्या टेबलाशी बसावं तसं तिच्यावर ताठ बसायचं. अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, डोक्याला माकडटोपी. कितीही कडाक्याची थंडी असो, चादर घ्यायचे नाहीत. "आपलंच काम आपण अंगावर घेऊन मिरवायचं न्हाई," हे त्यांचं कारण. एकदा एक धोबी पक्षी शेपटी हलवत थेट त्यांच्या बुटावर येऊन बसला. कॅमेरा हातात, पक्षी बुटावर, आणि मास्तर नुसते बघत बसले. का काढला नाही म्हणून विचारलं, तर म्हणाले, "बूट मधी येत होता की. दोन वेगळ्या नक्ष्या हायत त्या." एका पहाटे दवाने भरलेलं कोळ्याचं जाळं दिसलं. पाच-सहा कॅमेरे त्याच्यावर तुटून पडले. मास्तरांनी जवळ जाऊन ते बराच वेळ निरखलं, मान हलवली आणि माघारी आले. खालच्या अंगाला कोळ्याने एक धागा गाळला होता.

अशाने त्यांचा एकही फोटो भिंतीवर लागेना. तीन हिवाळे गेले. मला वाटायचं, वेळ जातोय, तेवढंच पुरे आहे त्यांना. पण एका सकाळी बादलीवर बसल्या बसल्या, कॅमेऱ्यातून डोळा न काढता ते म्हणाले, "चादरीचा कोपरा उलटून बघा कधी. चिठ्ठी असती तिथं. तिच्यावर मालकाचं नाव असतंय." मी म्हटलं, असणारच. "असणारच की," ते म्हणाले. "एवढ्या चादरी गेल्या गावोगाव. आपलं नाव कुटंच न्हाई. तुमच्या भिंतीवर एकदा लागलं, म्हंजे झालं. लई न्हाई, एकदाच." मग एक चंडोल उडाला आणि कॅमेरा तिकडे वळला. मी त्यानंतर स्कूटर जरा लवकर काढू लागलो.

मागच्या हिवाळ्यात ते जमलं. वारा पडलेली सकाळ होती, तळं अगदी स्थिर. काठाशी एक शेकाट्या उभा होता. काळे पंख, पांढरं अंग आणि काडीसारखे लांब लाल पाय. पाण्यात तोच शेकाट्या उलटा उभा होता. मास्तर फोटोसाठी बादलीवरून उठले, हे मी प्रथमच पाहिलं. उभा दुमडेल अशा पक्ष्यापायी त्यांनी तीन वर्षं घालवली होती, आणि हा आडवा दुमडलेला निघाला. "पाण्यानं काढलंय की उरलेलं," ते पुटपुटले. दोन्ही शेकाटे पुरते आले पाहिजेत म्हणून त्यांनी पहिल्यांदा सगळी चौकट वापरली. मोठ्या सरांनी तो फोटो पाहिला आणि निवडलेल्यांच्या गठ्ठ्यावर ठेवला.

मग मास्तरांनी अर्ज भरला, आणि घोटाळा तिथेच झाला. अर्जात पक्ष्याचं नाव, जागा आणि छायाचित्रकाराचं नाव विचारलेलं असतं. मास्तरांनी तिसऱ्या रकान्यात, एकेक अक्षर घरात बसवल्यासारखं, आमच्या केंद्राचं नाव लिहिलं. कारखान्यात नक्षीच्या कागदामागे त्या जागी चाळीस वर्षं मालकाचंच नाव लिहिलेलं. हात आपसूक तिकडे गेला. आणि मी, ज्याने त्यांचं ते बोलणं या कानांनी ऐकलं होतं, त्याने अर्जांचा गठ्ठा समोर घेऊन, चहा पीत, जसं होतं तसं पाटीवर उतरवलं. शेकाट्या. केंद्राचं तळं. छायाचित्र : केंद्र.

उद्घाटनाच्या सकाळी मास्तर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. अक्का नारायणपेठ नेसली होती. दोघंही शेकाट्यासमोर उभी राहिली, आणि पाटी त्यांनी आणि मी जवळजवळ एकाच वेळी वाचली. एक बाई येऊन फोटो बघू लागल्या. "किती छान आलाय. कुणी काढलाय हो?" त्यांनी मास्तरांनाच विचारलं. मास्तर म्हणाले, "केंद्राचा हाय."

मला इतकी लाज माझ्या नोकरीत कधी वाटलेली नाही. मी धावत टेबलाशी गेलो, कोरी पाटी घेतली, पेन उघडलं आणि थांबलो. अठरा वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलेल्या माणसाचं नाव मला माहीत नव्हतं. मास्तर, एवढंच माहीत होतं. पाटी हातात घेऊन परत गेलो आणि सांगितलं, "पूर्ण नाव सांगा, मास्तर."

"ऱ्हाऊ द्या की," ते म्हणाले. "हात गेला तिकडं, माझीच चूक. न्हाईतर मास्तर लिवा. तेवढं चालतंय."

"चालत न्हाई," अक्का म्हणाली.

लग्न झाल्यापासून अक्काने नवऱ्याचं नाव घेतलेलं नव्हतं. हळदीकुंकवाला बायका आग्रह करायच्या, तेव्हा ती आपल्या घरच्या तेलुगूत काहीबाही पुटपुटून सुटका करून घ्यायची. त्या सकाळी भरल्या दालनात तिने आधी घराण्याचं नाव सांगितलं, मग मास्तरांचं, मग सासऱ्यांचं. एकेक शब्द सुटा, मला लिहायला वेळ मिळावा एवढा थांबून. चार माणसं वळून बघू लागली. सांगून झाल्यावर तिने पदर तोंडाला लावला.

मी लिहिलं आणि पाटी लावली. मास्तर पुढे झाले, वाकले, बराच वेळ बघत राहिले. "चवथं अक्षर जरा खाली बसलंय," ते म्हणाले. मग गळ्यातला कॅमेरा उचलून त्यांनी पाटीचा फोटो काढला. पूर्ण, चारी काठांसकट.

होळी झाली आणि दोघं सुरतेला मुलाकडे गेली. आता पुन्हा थंडी पडली आहे, तळ्यावर शेकाटे आले आहेत, आणि स्कूटरवर मागे कुणी नसल्यामुळे पाठीला वारा लागतो. बादली मी गवतातून आणलेली नाही. प्रदर्शनातले बाकीचे फोटो ज्याचे त्याने नेले. शेकाट्या मात्र सरांनी पाटीसकट केंद्राच्या व्हरांड्यात कायमचा लावला आहे. एवढं सगळं सांगितलं, पण मास्तरांचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. ते तिथे भिंतीवर आहे. कधी सोलापूरला आलात तर तिथे जाऊन वाचा.